कोरडा शाफ्ट

बिल्डरचा माणूस गेल्या आठवड्यात पुन्हा येऊन गेला. चपला बाहेर काढून, अगदी नम्रपणे, फाइल छातीशी धरून. आमच्या बैठ्या चाळीत आता माझी एकटीची सही राहिली आहे, हे तो दर वेळी अशा आवाजात सांगतो की जणू मी त्याच्या मुलीचं लग्न अडवून धरलंय. "काकू, वरच्या मजल्यावर हवा काय मस्त येते," तो म्हणाला. मी म्हटलं, हवा मला इथेही येते आणि मी ती कामाला लावलेली आहे. त्याला काही कळलं नाही. मग त्याने मागच्या पडवीत डोकावून लेथ पाहिला आणि विचारलं, हे मशीन भंगारात घालायला माणूस पाठवू का. मी त्याला चहा न विचारता वाटेला लावलं. माझी भाची म्हणते, मावशी, तुझ्या वयाला हे शोभत नाही. शोभण्यासारखं मी आयुष्यात फार कमी केलं आहे, आणि त्या न शोभण्याची सुरुवात याच पडवीत झाली. ती एकदा लिहून ठेवते, म्हणजे भाचीला तरी कळेल.

विक्रोळीचं हे घर कारखाने आणि खाडी यांच्या मधोमध. पुढच्या दाराने भोंगा ऐकू यायचा आणि मागच्या दाराने तिवरांवरून खारा वारा यायचा. भोंग्यावर आमचं घर चालायचं. पहिल्या भोंग्याला उकड्या तांदळाची पेज स्टोव्हवरून उतरायची, दुसऱ्याला आबा डबा घेऊन उंबऱ्याबाहेर पडायचे. वारा मात्र कुणाच्या भोंग्यावर चालत नव्हता. त्याला एकच काम ठाऊक होतं, लोखंडाला गंज आणणं. बिजागऱ्या, ट्रंकेची कडी, खिळ्यांचा डबा, माझ्या कंपासपेटीतलं कर्कटक, जे उघडं दिसेल त्यावर तांबूस पूड. आई विळीच्या पात्याला रात्री खोबरेल चोळून ठेवायची. बाकी सगळ्या लोखंडाची काळजी आबा वाहायचे, मशीन ऑइलने. आमच्या घरातली कुठलीही वस्तू हातातून निसटण्याची शक्यता होती, पण गंजण्याची नाही.

आबा एका मोठ्या कारखान्यात टूलरूमला होते. बाकीच्या यंत्रांना लागणारी नेमकी अवजारं जिथे बनतात ती जागा म्हणजे टूलरूम, आणि तिथले लोक स्वतःला इतरांपेक्षा जरा वरचे समजतात. आबाही समजायचे. मी अजून शाळेत असताना त्यांनी लोखंड फिरवत कातायचा एक जुना लेथ घेतला आणि हातगाडीवरून घरी आणला. तो आत घ्यायला पडवीची अर्धी भिंत पाडावी लागली आणि आईची तुळस हलवावी लागली. तुळशीबद्दल आईने त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही. पडवीच्या एका बाजूला लेथ, ड्रिल, वाइस, कानशी, आणि दुसऱ्या बाजूला लोणच्याच्या बरण्या, आमसुलं, सुकटीचा डबा, पापडांचा मोठा पत्र्याचा डबा. आई सुकट भाजायला लागली आणि आबांनी त्याच वेळी लोखंड वळवायला घेतलं की दोन्ही धूर एकत्र व्हायचे. नाकाला झोंबणारा तो वास म्हणजे माझ्यासाठी घर. आजही कुठे तो अर्धामुर्धा आला तरी मला भूक लागते.

आम्ही दोघी बहिणी. ताई लग्न होऊन बोरिवलीला गेली, मी उरले आणि लेथला चिकटले. शेजारपाजारचे विचारायचे, चेडवाला लेथ कशाला शिकवताय. आबा म्हणायचे, "तिका इचारा. मी शिकवक नाय, ती उठत नाय थंयसून." पण शिकवलं त्यांनीच, आणि कडक शिकवलं. त्यांचे नियम होते आणि त्या नियमांना कारण विचारायचं नसायचं. चक म्हणजे लेथवर लोखंड धरणारा जबडा, त्याची चावी त्यातच ठेवून कुठे जायचं नाही. भोक पाडलं की त्याच्या तोंडाची धार मारायची, कड तिरपी करायची, त्याला चॅम्फर म्हणतात. आणि काम संपलं की तेलाच्या फडक्याने सगळं पुसून काढायचं, अगदी ज्या कानशीला आज हात लावला नाही तीसुद्धा. दिवेलागणीला आई देवापुढे निरांजन लावायची, तेव्हा मागे पडवीत आबांचं पुसणं चाललेलं असायचं. मायक्रोमीटर मात्र ते माझ्याकडून वाचून घ्यायचे. "बघ गो सुमे, किती दाखवता?" मला वाटायचं माझी परीक्षा घेतायत. त्यांना ते बारीक आकडे दिसेनासे झाले होते, हे मला कितीतरी उशिरा कळलं.

मी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला. वर्गात मुली आम्ही मोजक्याच, आणि वर्कशॉपच्या सरांचं ठरलेलं होतं, मुलगे लेथवर, मुली ड्रॉइंग बोर्डवर. मी एकदा सरळ जाऊन लेथ चालू केला. सरांनी स्विच बंद केला. मी पुन्हा चालू केला. पुढे काय झालं ते या गोष्टीत येत नाही, पण माझ्या प्रमाणपत्रावर वर्तणुकीच्या रकान्यात काय लिहिलंय ते मी भाचीला अभिमानाने दाखवते. डिप्लोमा हातात आला आणि त्याच सुमारास आबांच्या कारखान्याने टूलरूम बंद केली. आबा वेळेआधी घरी बसले. थोडे दिवस भोंगा झाला की उठून उंबऱ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. मग एके दिवशी जेवताना, बांगड्याचा काटा बाजूला काढता काढता त्यांनी जाहीर केलं की लेथ विकायचा, गणपतीला गावाला जायचं ते परत यायचंच नाही. मालाडचे एक कारखानदार लेथ घ्यायला तयार होते. त्यांचं नाव आमच्या घरात कधी कुणी घेतलं नाही, ते कायम मालाडकरच.

मी ताटावरून हात काढला नाही, कारण ताटावरून उठलेलं आईला खपत नसे. पण म्हटलं, लेथ मी चालवीन.

"चालवशीत गो," आबा म्हणाले. "पण तुका काम कोण देतलो? चेडवाच्या हातचो जॉब कोण घेतलो?"

"आबा, बाहेर होत नाही असं काम मी करून दाखवलं तर घेतील. वाऱ्यावर फिरणारा शाफ्ट करीन मी."

हे वाक्य माझ्या तोंडून रागाच्या भरात निघालं असं आई पुढे सांगायची. तसं नव्हतं. घाटकोपरच्या एका रद्दीवाल्याकडे मला परदेशी मासिकाची काही सुटी पानं मिळाली होती आणि ती मी उशीखाली ठेवून झोपत होते. कल्पना साधी आहे. गनमेटलचा, म्हणजे तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा, एक जाड नळीसारखा तुकडा घ्यायचा, त्याला बुश म्हणतात. त्यात शाफ्ट, म्हणजे गुळगुळीत गोल दांडा, उभा करायचा, शाफ्टच्या डोक्यावर जड तबकडी. बुशाच्या अंगाला आणि माथ्याला सुईएवढी भोकं पाडायची आणि त्यांतून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. शाफ्ट आणि बुश यांच्यात केसापेक्षाही कमी फट. हवा त्या फटीत घुसते आणि शाफ्ट उचलला जातो, कशालाच टेकत नाही. छर्रे नाहीत, तेल नाही, घासणं नाही. एक टिचकी मारावी आणि तो फिरत राहावा. त्या लेखाची शेवटची पानं मात्र फाटलेली होती. शाफ्ट फिरला नाही तर काय करायचं, हे बहुधा त्याच पानांवर असणार.

आबा हसले. टूलरूमचं हसू, नाकातून. "वाऱ्यार शाफ्ट. बरां. गणपतीक जाऊच्या आदी तुझो शाफ्ट फिरलो तर लेथ हयच ऱ्हवतलो. नायतर मालाडकर घेऊन जातलो. माझी जबान." आईने दोघांकडे पाहिलं आणि सोलकढी वाढली. तिला कुणी काही विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा ते सुचलं नाही.

बुश मी वळवला, शाफ्ट मी वळवला, आणि मग पॉलिशची बारीक रवाळ पेस्ट लावून तो हाताने घासत बसले. घासायचं, पुसायचं, मोजायचं. दुपारी हाताच्या उबेने माप एक यायचं आणि सकाळी दुसरं. कॉम्प्रेसर मिळाला तो गाड्यांना रंग मारणाऱ्या एका गॅरेजमधला, म्हातारा. चालू झाला की बरण्यांची झाकणं ताल धरायची. पहिल्यांदा हवा सोडली तेव्हा शाफ्ट उचलला गेला आणि किंचाळायला लागला. खरंच किंचाळायला, एका सुरात, कानात सुई घातल्यासारखा. शेजारच्या सावंतकाकूंनी भिंतीवर थाप मारून विचारलं, सनई कोण शिकतंय. आबा म्हणाले, "तेल घाल वायच." मी म्हटलं, यात तेल घालायचं नसतं. ते म्हणाले, "तेलाशिवाय शाफ्ट फिरता? खंय बघितलंस?" मी म्हटलं, अजून कुठे नाही, पण बघणार आहे.

ती किंचाळी मी शोधून काढली, आणि त्याचा मला आजही माज आहे. हवेची भोकं मी एकेक करून मेणाने तपासत गेले. एका भोकाच्या तिरप्या कडेत मेण भरून ते सपाट केलं, मधे सुईने हवेपुरती वाट ठेवली, आणि आवाज किंचित खाली आला. दुसऱ्याला तसंच केलं, आणखी खाली आला. म्हणजे दोष त्या तिरप्या कडेत होता. मी प्रत्येक भोकाला आबांच्या नियमाप्रमाणे चॅम्फर मारलं होतं, तिथे हवेला साठायला खळगा मिळत होता आणि ती त्या खळग्यात धडका देत होती. जे प्रत्येक कामात बरोबर, ते इथे चूक. मी नवा बुश वळवला आणि भोकांची तोंडं तशीच सरळ ठेवली. आबांनी तो हातात घेतला, अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा कडू झाला.

"भोकाच्या तोंडाक चॅम्फर नाय? आमच्या टूलरूमात असो जॉब कोणी पास केलो नसतो."

"आबा, ही तुमची टूलरूम नाही."

टूलरूम बंद झालेल्या माणसाला मी हे म्हटलं. ते दुपारभर माझ्याशी बोलले नाहीत. पण बुश बोलला, म्हणजे बोललाच नाही, गप्प राहिला. संध्याकाळी हवा सोडली तर नुसता सस्स असा श्वास. तबकडीला टिचकी मारली आणि ती फिरायला लागली. इतकी गुळगुळीत की फिरतेय की नाही ते दिसेना. आईने कुंकवाचं बोट आणून तिच्या कडेवर टेकवलं, तेव्हा तो लाल ठिपका गोल गोल जाताना दिसला. आई कितीतरी वेळ पदर खांद्यावर घट्ट धरून तशीच बघत उभी होती. "बारीक पोर पाळण्यात असल्यासारखा दिसता," ती म्हणाली. मी सकाळी आबांना दाखवायचं ठरवलं, कारण ते तेव्हा मुद्दाम नाक्यावर जाऊन बसले होते.

सकाळी शाफ्ट अडकला होता. हवा सोडली तरी हलेना. हाताने फिरवला तर गुळाच्या पाकात फिरवल्यासारखा जड. मी तो बाहेर काढला, पेट्रोलने धुतला, पुसला, पुन्हा घातला, आणि संध्याकाळपर्यंत तो पुन्हा मजेत तरंगायला लागला. दुसऱ्या सकाळी पुन्हा अडकलेला. मग हेच सुरू झालं, संध्याकाळी फिरतो आणि सकाळी अडतो. आबांनी सकाळचा तेवढा पाहिला आणि मान हलवली, एका संध्याकाळपुरता फिरलेला शाफ्ट टूलरूमच्या हिशेबात फिरलेला धरत नाहीत.

मी आधी हवेवर संशय घेतला. आमच्या हवेत पाणी फार, ते कॉम्प्रेसरमधून येत असणार. नळीच्या तोंडापुढे आरसा धरला तर त्यावर धुकं आलं. मी नळीच्या वाटेत पितळी नळकांडं बसवलं, त्यात कापूस ठासला, आरसा स्वच्छ राहायला लागला. शाफ्ट तरीही अडला. मग कॉम्प्रेसरचंच तेल हवेबरोबर येतंय का, म्हणून नळीपुढे टीपकागद धरला. डाग नाही. मग बुश वाकडा आहे का, म्हणून तो पुन्हा घासला. एवढ्यात मालाडकर येऊन गेले. स्वभावाने वाईट माणूस नव्हता. त्यांनी टेप काढून लेथची लांबी मोजली, पडवीची भिंत बघितली आणि म्हणाले, ही पुन्हा पाडावी लागेल. आई म्हणाली, मागल्या वेळी तुळस गेली, या वेळी काय नेताय. ते हसले. मी हसले नाही. मला माझ्या पायाखालची जागा मोजून घेतल्यासारखं वाटलं.

"तेल घाल गो वायच," आबा रोज म्हणायचे, चिडवायला नाही, अगदी मनापासून. मीही रोज नाही म्हणायचे. तोवर हा शाफ्टचा प्रश्न उरला नव्हता, कोण ऐकणार याचा झाला होता.

त्या संध्याकाळी मी चक्कीवरून दळण घेऊन आले. आई निरांजन लावत होती. पडवीत आबा तेलाचं फडकं घेऊन नेहमीसारखे फिरत होते. लेथचा बेड पुसला, चक पुसला, ड्रिल, वाइस, मग ओळीने कानशी. आणि मग त्यांनी माझा शाफ्ट बुशातून अलगद वर काढला, तबकडीसकट, त्याच्यावरून फडकं फिरवलं, बोटांनी चाचपून बघितलं कुठे कोरडा तर राहिला नाही ना, आणि होता तसा परत आत सोडून दिला. मी दळणाचा डबा उंबऱ्यातच ठेवला.

"आबा, हे तुम्ही रोज करता?"

"काय?"

"तेल लावता. या शाफ्टला."

त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. त्या हातात फडकं आहे हे त्यांना तेव्हाच कळल्यासारखं. "पुसतंय सगळा. रोजचाच."

"मी सांगितलं होतं ना, याला तेल चालत नाही म्हणून? त्या फटीत तेल गेलं की चिकटतो तो. रोज सकाळी मी डोकं फोडून घेतेय."

"सांगितलंस. हात जाता."

मी तेव्हा फार संतापले होते आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही. मी म्हटलं, "हात जात नाही, तुम्हाला लेथ विकायचाय. म्हणून चाललंय हे."

आई निरांजन हातात घेऊन तशीच उभी राहिली. आबा चिडतील असं मला वाटलं, पण ते खाली बसले, लेथच्या पायाशी, फडकं मांडीवर ठेवून. "मुद्दाम करूचा असता तर पुसलोच नसतो," ते म्हणाले. "खाडीचो वारो हा हयलो. तेल नाय लावला तर गंजान खाल्ल्यान असतो तुझो शाफ्ट. इतक्या मेहनतीचो जॉब. माझ्यान बघवना नाय."

मी म्हटलं, नाही लावायचं तेल. खाऊ दे गंजाला, बघते मी. पेट्रोलने शाफ्ट धुतला, पुसला आणि कोरडा ठेवून दिला. सकाळी मी सगळ्यांच्या आधी पडवीत गेले. आरशासारख्या त्या अंगावर बारीक तांबूस ठिपके उठले होते, मोहरी सांडल्यासारखे. मी तिथेच उभी राहिले आणि मला रडू फुटलं. तेल लावलं तर अडतो, नाही लावलं तर गंजतो, आणि आम्ही बापलेक दोघेही बरोबर होतो. ते सगळ्यात वाईट होतं. आबा मागे येऊन उभे राहिले. त्यांनी ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. 'बघ' असं म्हणायची त्यांना पूर्ण मुभा होती. त्यांनी म्हटलं नाही. पेस्टची डबी काढून माझ्यापुढे ठेवली आणि शाफ्टचं दुसरं टोक धरायला बसले. ठिपके घालवायला आम्हाला दुपार झाली.

जेवणं तशीच राहिली होती. आई बोलवायला आली, आम्हाला बघितलं, आणि न बोलवताच परत गेली. थोड्या वेळाने तव्यावर काहीतरी भाजल्याचा वास आला, सुकट नव्हे. मग ती पापडांचा डबा घेऊन आली. त्या डब्याचं झाकण इतकं घट्ट बसायचं की ते उघडायला आम्ही पळीचा दांडा वापरायचो. वर्षभराचे पोह्याचे पापड पावसाळ्यातसुद्धा त्यात कडक राहायचे. आईने आमच्यासमोर तो डबा सुपात उपडा केला, सगळे पापड खडखडत बाहेर. डबा कोरड्या फडक्याने पुसला. भाजलेल्या तांदळांची एक पुरचुंडी बांधून आणली होती, मिठाच्या बरणीत ती घालते तशी, ती तळाशी ठेवली.

"ह्येच्यात ठेव तुझो शाफ्ट," ती म्हणाली. "तेल नको आणि गंज नको."

"आणि पापड?" आबांनी विचारलं.

"पापड पडूंदेत मऊ." मग ती आबांकडे वळली, आणि तिचा आवाज मी तसा आधी ऐकला नव्हता. "लेथ विकूचो, गावाक जाऊचा, सगळा तुमी ठरवलास. माका कोणी इचारल्यान? थंय चुलीत फुकूक मी आणि आंब्याखाली बसूक तुमी. माका नाय जाऊचा. चेडू जिंकला तर माका व्हया." एवढं बोलून ती ताटं घ्यायला गेली. त्या दुपारी कुळथाची पिठी होती आणि आबांनी तीन वेळा भात मागून घेतला, बोलावं लागू नये म्हणून.

तांदूळ पाणी ओढतात, हे मला डिप्लोमाच्या पुस्तकांत शिकवलेलं होतं, वेगळ्या नावाने आणि वेगळ्या पदार्थांच्या यादीसकट. पण घरात गंज न लागणारी एक जागा आहे आणि तिच्यात पापड आहेत, हे माझ्या डोक्यात आलं नाही, कारण मी पडवीच्या माझ्या बाजूलाच शोधत होते. असो. सकाळी पळीच्या दांड्याने झाकण उघडलं, शाफ्ट काढला. कोरडा आणि चकचकीत. हवा सोडली आणि तो उचलला गेला. त्यानंतरच्या सकाळीही, आणि त्यानंतरच्याही.

मालाडकर टेम्पो आणि हमाल घेऊन आले तेव्हा गावाला जायच्या पिशव्या दारात भरून ठेवलेल्या होत्या. त्यांनी घमेली, पहारी, दोर असं सगळं आणलं होतं. आबा म्हणाले, "बसा वायच." मग ते मोरीत गेले. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, नखांत ब्रश घातला, पुन्हा धुतले, आणि आईकडून धुतलेला पंचा मागून घेतला. आबांचे हात तेलाशिवाय मी पहिल्यांदा बघत होते. ते एकदम म्हाताऱ्या माणसाचे वाटले. त्यांनी डब्यातून शाफ्ट काढला आणि स्वतः बुशात सोडला. मी कॉम्प्रेसर चालू केला, बरण्यांनी ताल धरला. आबांनी तबकडीला टिचकी मारली. कुंकवाचा ठिपका गोल गोल जायला लागला.

"ह्यो थांबलो की बोलूया," आबा मालाडकरांना म्हणाले.

मालाडकर स्टुलावर बसले. आईने चहा आणला. ते चहा प्याले, ठिपक्याकडे बघत. कॉम्प्रेसर भरून बंद झाला, पुन्हा चालू झाला. आईने दुसऱ्यांदा चहा आणला. हमाल दारातल्या पायरीवर टेकले, एकाने बिडी पेटवली. मालाडकरांनी वाकून तबकडीखाली बघितलं, कुठे मोटर लपवली आहे का. मग म्हणाले, "शाफ्ट झकास आहे हो. पण लेथचं काय? तुम्ही जबान दिली होती."

"चेडवाक त्येच्या आदी दिलेली," आबा म्हणाले.

ते आणखी थोडा वेळ बसले. ठिपका आता एकेक फेरा मोजता येईल इतका सावकाश झाला होता, पण थांबायचं नाव नव्हतं. शेवटी ते उठले, मला म्हणाले, असे दोन मला करून द्याल का, आणि टेम्पो रिकामाच घेऊन गेले. माझं पहिलं काम ते. पुढे याच पडवीत मी कितीतरी कारखान्यांचे बिघडलेले शाफ्ट उभे केले. माझ्या हातचा जॉब कोण घेणार ते आबांनी स्वतः बघितलं, डोळे पूर्ण जाईपर्यंत, आणि नंतर बोटांनी.

त्या दिवशी टेम्पो वळणावर दिसेनासा झाल्यावर आबांनी तेलाचं फडकं घेतलं आणि लेथ पुसायला लागले. बेड, चक, ड्रिल, वाइस, कानशी. शाफ्टपाशी आले, हात पुढे गेला, आणि त्यांनी तो हात फडक्यासकट पाठीमागे नेला. दुसऱ्या हाताने पहिल्याचं मनगट धरून ठेवलं आणि तसेच उभे राहिले, लाल ठिपका फिरताना बघत. ते माझ्याकडे वळले नाहीत. मग म्हणाले, "बंद कर आता. वीज जाता फुकट." आम्ही गणपतीला गेलो आणि तिघेही परत आलो.

बिल्डरचा माणूस सोमवारी येतो म्हणालाय. सही करायला माझी ना नाही. तळमजल्यावर लेथला जागा लेखी द्या, एवढंच मी पहिल्यापासून सांगतेय, आणि तो हसतो. त्याला वाटतं म्हातारी थकेल. काल मी तांदूळ भाजून नवी पुरचुंडी बांधली. आज पळीच्या दांड्याने झाकण उघडून बघितलं, शाफ्ट कोरडा आहे. सोमवारी त्याला चहा देईन. दोनदा देईन. तबकडीला कुंकवाचं बोट लावीन, टिचकी मारीन आणि सांगेन, बसा, हा थांबला की बोलू.